पडद्यावरचा व्यायाम आणि आपल्या मुली
(पालक-सभेतील भाषण)



मुलीच्या अभ्यासाची चौकशी आपण रोज करतो. ती आज धावली का, खेळली का, हे किती जण विचारतात? आठवी-नववीत गेली की मुलीचे मैदान सुटते. तिच्या आईचे तर कधीच सुटलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे आणि प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे व्यायाम हवा.

एरोबिक नृत्य म्हणजे संगीताच्या ठेक्यावर सलग हालचाली करून हृदय व फुप्फुसे बळकट करणारा व्यायाम. डॉ. केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स' हे पुस्तक १९६८ साली निघाले. त्यावरून स्फूर्ती घेऊन जॅकी सोरेन्सन यांनी १९६९ मध्ये पोर्टो रिको येथे अमेरिकन हवाई दलातील जवानांच्या पत्नींना दूरचित्रवाणीवरून हे नृत्य शिकवले. म्हणजे त्याची सुरुवातच पडद्यावर झाली! मात्र त्या पडद्यातून शिक्षिकेला शिकणारी दिसत नसे. आज मोबाइलवरील थेट वर्गात ती दिसते. खरा फरक हाच आहे.

माझाच अनुभव सांगते. २०२० च्या टाळेबंदीत मी व माझी मुलगी अशा वर्गात दाखल झालो. संकोचाने मी कॅमेरा बंद ठेवला. दोन आठवड्यांत गुडघा दुखू लागला. शेवटी कॅमेरा सुरू केला, तेव्हा बाई लगेच म्हणाल्या, "पाय आपटू नका. आधी चवडा टेका, मग टाच. गुडघे किंचित वाकवा. सध्या उड्या नकोत." हळूहळू दुखणे थांबले. शिष्य दिसलाच नाही, तर गुरू चूक कशी सुधारणार?

आपला संकोच मी जाणते. म्हणून आधी खात्री करा: शिक्षिका स्त्री आहे, वर्गात केवळ स्त्रिया आहेत, चित्रण होत नाही. कपडे सैल असावेत, पण पायात अडकू नयेत. मोबाइल सात-आठ फुटांवर असा ठेवा की डोक्यापासून पावलापर्यंत आपण दिसाल. इतरांच्या पावलांकडे पाहू नका. आवाज प्रत्येकीला मागेपुढे पोचतो. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतकाच दम लागू द्या. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

पालकहो, घरातला एक कोपरा आणि दिवसातला अर्धा तास मुलीला द्या. आणि भगिनींनो, तिच्या शेजारी आपणही उभ्या राहा.