विषाणूचे छायाचित्र

तुमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर डबक्याच्या पाण्याचा थेंब तुम्ही त्याखाली पाहिलाच असेल. किती ती वळवळ! क्षयाचे जंतूदेखील, रंगवून घेतले म्हणजे, अशा यंत्रातून दिसतात. मग करोनाचा विषाणू का दिसू नये?

कारण त्याच्या मानानं उजेडच जाडाभरडा आहे. पायलीच्या मापानं मोहरीचा एक दाणा कसा मोजणार? डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची सर्वांत आखूड लहरसुद्धा या विषाणूच्या पाचपट लांब. म्हणून इथे उजेड सोडून इलेक्ट्रॉनांचा झोत वापरतात. असे पहिले यंत्र जर्मनीत १९३१ साली रुस्का आणि क्नोल यांनी उभे केले.

आता गोष्ट पुण्याची. २०२० च्या जानेवारीअखेर भारतातला पहिला करोनाचा रुग्ण केरळात आढळला. त्या रुग्णाच्या घशातला स्राव पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत या यंत्राखाली पाहिला गेला.

तुम्ही म्हणाल, असला घातकी जंतू जिवंत यंत्रात घालतात तरी कसा? जिवंत घालतच नाहीत. आधी त्यात ग्लुटाराल्डिहाइड नावाचे रसायन मिसळतात. विषाणू मरतो, पण आकार होता तसाच ताठ राहतो. नाहीतरी यंत्राच्या आत हवा चालत नाही, इलेक्ट्रॉन हवेला आपटून भरकटतात; तिथं ओला जीव टिकणार कुठला? मग तो थेंब मसुराच्या दाण्याएवढ्या तांब्याच्या जाळीवर ठेवायचा आणि वर टंगस्टनच्या क्षाराचे पाणी सोडायचे. टंगस्टन म्हणजे जुन्या विजेच्या दिव्याच्या तारेतला धातू. तो झोत अडवतो. त्यामुळं भोवती काळोख आणि मध्ये विषाणू उजळ. सारवलेल्या अंगणात रांगोळी उठून दिसावी तसा.

एवढे सायास करून हाती किती लागले? अवघे सात कण! प्रत्येक साधारण ७० ते ८० नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीवर असे हजारभर ओळीनं मावतील. अंगावर सगळीकडून टोके. त्यांनीच हा आपल्या पेशीला धरतो. टोकांवरून करोनाचे घराणे ओळखले. मात्र चित्रावरून घराणेच कळते बरं का. नेमका कोणता, ते जनुकांच्या तपासणीनं ठरते.

ही चित्रे २०२० च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाली. गुरुजी, पुस्तकात असा विषाणू लाल-हिरवा छापलेला आढळला तर मुलांना सांगा, रंग मागाहून भरलेला आहे. इलेक्ट्रॉनांनी काढलेले चित्र काळेपांढरेच असते.