हवानाच्या चिरुटांची शिफारस

चिरुटाचे शोकीन एकत्र जमले कीं शिफारशींना ऊत येतो. नवख्यानें कोणता चिरूट ओढून पाहावा असें विचारतांच क्यूबांतील पिनार देल रिओ प्रांताच्या तंबाखूचें नांव प्रथम निघतें. आंत लांब पानें, त्यांवर बांधणीचें पान आणि बाहेर गुळगुळीत आवरण, अशी त्याची घडण. कोणी १८४५ सालापासूनच्या 'पार्तागास'चा कडकपणा वाखाणतो, तर कोणी १९३५ सालीं निघालेला 'माँतेक्रिस्तो' सुचवितो. हें दुसरें नांव ड्यूमाच्या कादंबरीवरून पडलें. हवानाच्या कारखान्यांत कामगार चिरूट वळीत असतां त्यांना मोठ्यानें वाचून दाखविण्याची प्रथा १८६५ पासून आहे, आणि ही कादंबरी त्यांच्या विशेष आवडीची होती.

परंतु या शिफारशींत एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड रोज वीसएक चिरूट ओढीत. १९२३ सालीं त्यांच्या तोंडांत कर्करोग आढळला. तिसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी चिरूट सुटला नाहीं. १९३९ सालीं ते वारले. इतरांच्या मनाचे गुंते उकलणाऱ्यालाहि ही एक गांठ सोडवितां आली नाहीं. धूर छातींत न घेतला तरी तोंड वांचत नाहीं, एवढें शोकिनांनीं नवख्यास आधीं सांगावें. चिरुटाचें नांव मग सुचवावें.