कळत्या वयाचा पडदा

(किहीम येथे पालक, शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर चित्रपट दाखविण्यापूर्वी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



किहीमला यायचे आणि डॉ. सालीम अली यांचे नाव घ्यायचे नाही, असे होऊ शकत नाही. १९३० च्या सुमारास, हाती नोकरी नसताना, हे गृहस्थ याच किनाऱ्यावर येऊन राहिले आणि सुगरण पक्ष्याची घरटी तासन् तास न्याहाळत बसले. ती हकिकत आपणांस ठाऊकच आहे. मला आज त्याहून जुनी गोष्ट सांगायची आहे. आईवडिलांचे छत्र हरपलेल्या या मुलाने दहा-बारा वर्षांचा असताना छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी कोणता, असे त्याने मामांना विचारले. मामा स्वतः शिकारी. परंतु त्यांनाही तो ओळखता आला नाही. त्यांनी मुलाला वाटेला लावले नाही. चिठ्ठी लिहून दिली आणि मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत मिलार्ड नावाच्या इंग्रज सचिवाकडे धाडले. पुढचे सारे त्या चिठ्ठीतून घडले.

आजचा आपला विषय आहे वयात येणाऱ्या मुलामुलींवरचे मराठी चित्रपट, आणि तेही एका विशिष्ट दशकातले, म्हणजे २०१० नंतरच्या दहा वर्षांतले. त्या विषयात या चिमणीचे काय काम, ते ओघात येईलच.

मराठी चित्रपटाला मूल नवे नव्हते. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला. पण तो चित्रपट आईचा आहे. श्याम चुकतो, आई समजावते, श्याम घडतो. ते संस्कारांचे चित्र थोर आहे, त्याविषयी वाद नाही. मात्र मिसरूड फुटू लागलेल्या मुलाच्या मनात आईलाही न सांगता येणारे जे काही चालते, तिकडे आपला पडदा फारसा वळला नव्हता. नाही म्हणायला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००२ साली 'दहावी फ' केला. पण २०१० ते २०१५ या अवघ्या पाच-सहा वर्षांत 'विहीर', 'शाळा', 'बालक-पालक', 'फँड्री' आणि 'किल्ला' असे पाच चित्रपट आले. इतके पीक एवढ्या थोड्या काळात पूर्वी कधी आलेले मला आठवत नाही. याच काळात 'टाइमपास'ही आला आणि त्याने गल्ला भरला. गाणी गोड होती. त्यापलीकडे त्याविषयी बोलावेसे वाटत नाही.

अमेरिकेत १९८० च्या दशकात जॉन ह्यूजेस यांनी असे चित्रपट केले. 'द ब्रेकफास्ट क्लब' हा त्यांतला नावाजलेला. तिकडच्या मुलाजवळ मोटार असते, स्वतःची खोली असते, आणि भांडण असते ते आईबापांशी. आपल्या मुलाला स्वतःची खोली तर नाहीच, स्वतःचा कोपराही नसतो. म्हणून आपले चित्रपट विहिरीच्या काठी, जिन्याखाली, गच्चीवर घडतात. उमेश कुलकर्णी यांच्या 'विहीर'मध्ये दोन मावस-मामेभावांपैकी मोठा अकस्मात बुडून जातो आणि धाकटा त्याला शोधत हिंडतो. मृत्यू म्हणजे काय, हे मुलाला कोण सांगणार? चित्रपट संथ आहे, कित्येकांना तो पेलणार नाही. पण आमच्या परंपरेत नचिकेताने यमालाच प्रश्न विचारला होता आणि त्या बुडालेल्या मुलाचे नावही नचिकेतच आहे, एवढे ध्यानात ठेवून तो पाहावा.

'शाळा' मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा, सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला. तो जानेवारी २०१२ मध्ये प्रदर्शित झाला आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला. काळ आणीबाणीचा, वर्ग नववीचा. मुकुंद जोशीला वर्गातली शिरोडकर आवडते, आणि ते सांगण्याइतके शब्द त्याच्यापाशी नाहीत. ज्या घरांतले कर्ते पुरुष त्या काळात येरवड्याच्या वा नाशिक रोडच्या कारागृहात होते, त्या घरांतल्या प्रेक्षकांना यातली आणीबाणी फार पुसट वाटते, अशी तक्रार मी ऐकली आहे. तक्रार करणाऱ्यांचा अधिकार मोठा आहे. तरीही चौदा वर्षांच्या मुलाला ती तेवढीच दिसणार. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि समोर दहावीचे वर्ष उभे राहते. आमच्याकडे प्रेमभंगाचे दुःख करायलाही अभ्यासातून वेळ काढावा लागतो!

आता 'बालक-पालक'. रवी जाधव यांचा हा चित्रपट जानेवारी २०१३ मध्ये आला, तेव्हा पुष्कळ सज्जनांनी नाके मुरडली. १९८० च्या दशकातली मुंबईची चाळ. चाळीतली एक ताई निघून जाते. मोठी माणसे कुजबुजतात. मुलांनी विचारले की गप्प बसविले जाते. मग मुले उत्तर शोधायला निघतात आणि जे मिळते ते व्हीसीआरवरच्या चोरट्या कॅसेटमधून. माझी पिढी ती. व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहणारी चाळ मी जवळून पाहिली आहे. चित्रपटातले काही विनोद सवंग आहेत, हे मी मान्य करतो. परंतु मूळ मुद्दा खोटा आहे, असे कोणी म्हणू शकेल काय? आज कॅसेट भाड्याने आणावी लागत नाही. ती प्रत्येक मुलाच्या खिशात आहे. अशा वेळी सालीम अलींच्या मामांची आठवण होते. त्यांना उत्तर ठाऊक नव्हते. पण त्यांनी प्रश्नाला पाप ठरविले नाही, ज्याला ठाऊक होते त्याच्याकडे मुलाला पाठविले. आपल्या घरात मुलीने वा मुलाने विचारले, तर आपण कोणाला चिठ्ठी लिहून देणार आहोत? येथे बसलेल्या शिक्षक-भगिनींना हा प्रश्न माझ्याहून अधिक टोचत असेल.

दुसरी चिमणी 'फँड्री'तली. नागराज मंजुळे यांचा हा पहिला दीर्घ चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. पदार्पणाच्या उत्कृष्ट चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि जब्या साकारणाऱ्या सोमनाथ अवघडेला उत्कृष्ट बालकलाकाराचा. जब्या कैकाडी समाजातला. गावात उपद्रव देणारी डुकरे धरायचे काम त्याच्या घराकडे येते. त्याला वर्गातली शालू आवडते. काळ्या चिमणीची राख तिच्या अंगावर टाकली की ती वश होईल, असे त्याच्या मनाने घेतले आहे, म्हणून तो रानोमाळ चिमणी शोधतो. सालीम अलींची चिमणी त्यांना एका संस्थेच्या दारापर्यंत घेऊन गेली. जब्याची चिमणी हाती लागत नाही. हाती येते ते डुक्कर, आणि तेही शाळेच्या शेजारी, साऱ्या वर्गाच्या देखत.

त्यातला एक प्रसंग मी पुनःपुन्हा पाहिला आहे. डुक्कर अगदी टप्प्यात आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, त्याच्यामागे घरची माणसेही. डुक्कर निसटते. पुढे तेच वर्गमित्र या कुटुंबाची धावपळ तमाशासारखी पाहतात, हसतात. हसणाऱ्यांत शालूही असते. मग मेलेले डुक्कर खांद्यावरून नेताना मागे भिंतीवर डॉ. आंबेडकर आणि सावित्रीबाईंची चित्रे दिसतात. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो.

हा शेवट अनेकांना भडक वाटला. मला तो तसा वाटत नाही. समरसतेवर आपण व्यासपीठांवरून पुष्कळ बोलतो, सहभोजने करतो, जयंत्या साजऱ्या करतो. राष्ट्रगीताला उभा राहिलेला तो मुलगा आपलाच आहे, हे सांगायला आपल्याला आवडते. पण राष्ट्रगीत संपल्यावर जी मुले हसली, ती कोणाच्या घरची? त्यांच्या वह्यांवरही नीटनेटकी कव्हरे असतील, तीही प्रार्थनेत हात जोडत असतील. दगड त्यांच्या पालकांसाठी आहे. मंजुळे यांच्या सगळ्याच मतांशी सहमत होण्याची गरज नाही. हा दगड चुकविता येत नाही, एवढेच मी म्हणतो. २०१६ च्या 'सैराट'ने याहून कितीतरी अधिक पैसा मिळविला, पण माझ्या मते मोठी कृती 'फँड्री'च.

आज आपण पाहणार आहोत तो 'किल्ला'. अविनाश अरुण यांचा हा पहिला चित्रपट. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळाने त्याला 'क्रिस्टल बेअर' दिले, ही मला विशेष वाटणारी गोष्ट. इथे तो जून २०१५ मध्ये आला. वडील वारल्यावर चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. नवी शाळा, नवे मित्र, सायकलची शर्यत. आणि भर पावसात किल्ल्यात मित्र त्याला एकटा टाकून जातात. आईची भूमिका अमृता सुभाष यांनी केली आहे. कचेरीतली दडपणे सोसणारी ही बाई 'श्यामची आई'सारखी प्रत्येक प्रसंगी योग्य शब्द शोधू शकत नाही. ती दमलेली आहे, तिचेही दुःख ताजे आहे. मुलाने तिला क्षमा करायला शिकणे, हे यातले वयात येणे आहे.

फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांच्या १९५९ च्या 'द फोर हंड्रेड ब्लोज'मध्ये सुधारगृहातून पळालेला मुलगा धावत समुद्रापाशी पोहोचतो आणि तिथे चित्र गोठते. त्याने समुद्र पूर्वी पाहिलेला नसतो. तुमच्या मुलांना समुद्र रोज दिसतो. थळसमोरचे खांदेरी-उंदेरी दिसतात, आणि बारावी झाली की मांडव्याची लाँचही दिसते. म्हणून 'किल्ला' येथे दाखवावा, असे मी संयोजकांना सुचविले. पालकांनी मध्येच उठून मुलांना अर्थ समजावू नये, एवढी विनंती. चित्रपट संपल्यावर मुलांनी काही विचारले, तर मी सुरूच्या बनाशेजारी बसलेला असेन.

यंत्र तयार असल्याची खूण झाली आहे. मागच्या रांगेतल्या मुलांनी पुढे सतरंजीवर येऊन बसावे, आणि कोणीतरी दारापाशचा दिवा घालवावा.