यंत्रनौकेची गळती

नौकेच्या तळास जाणूनबुजून भोंक पाडावें हें ऐकून कोणीही हंसेल. परंतु कोंकण किनाऱ्यावरील, आंत यंत्र बसविलेल्या नौकांस तें असतें. यंत्र आंत, पंखा पाण्यांत; दोहोंस जोडणारा शाफ्ट तेथूनच बाहेर पडतो. त्याभोवतींची फट ग्लँडमधील पॅकिंग बुजवितें. पूर्वी तें चरबींत भिजविलेल्या अळशीच्या दोऱ्याचें असे. आतां ग्रॅफाइटचें अथवा टेफ्लॉनचेंही मिळतें.

पाणी वाढलें कीं तांडेल नट आवळतो, आणि तेथेंच घात होतो. ओलावा तुटला कीं पॅकिंग करपतें, शाफ्टवर चर पडतात; मग कितीही आवळलें तरी गळती थांबत नाहीं, आणि भरसमुद्रांत पंप बंद पडल्यास माणसांच्या जिवावर बेततें. शाफ्ट फिरत असतां मिनिटास दोनतीन थेंब पडूं द्यावे, हेंच शहाणपणाचें.

पावसाळ्यांत नौका किनाऱ्यावर ओढली म्हणजे जुनें पॅकिंग आंकड्यानें समूळ काढावें. त्यावरच नवें ठोकण्याची खोड आळशांची! नव्याचीं सुटीं कडीं कापावींत. एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊं देऊं नये. नट प्रथम हातानेंच बसवावा. नौका पाण्यांत उतरल्यावर यंत्र कांहीं वेळ चालवून थांबवावें, ग्लँडची ऊब पाहावी, आणि मगच पान्यास हात घालावा.