हंड्यातला तांबूस गाळ आणि कारखान्याचे पाणी

ढाणकी असो की उमरखेड, हातपंप सर्वांच्या ओळखीचा. कुठे कुठे त्याचे पाणी भरताना अगदी निवळशंख दिसते. पण रात्रभर हंड्यात राहिले की तळाशी तांबूस गाळ बसतो. असे का होते?

त्या पाण्यात लोखंड विरघळलेले असते. हवेतला प्राणवायू लागला की त्याचे रूप पालटते, ते विरघळलेले राहू शकत नाही आणि खाली बसते. गुरुजींनी हे वर्गात करून दाखवावे. असे ताजे पाणी एका बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बूच लावा. उरलेले दोन भांड्यांतून वीस-पंचवीस वेळा वरून धार धरून ओता. कोणते आधी तांबूस होते, ते मुलांनाच सांगू द्या.

कारखान्यातही हीच युक्ती चालते. मुलामा देण्याच्या कामात जस्त, तांबे, कॅडमियम हे धातू पुष्कळदा सायनाइडला जखडलेले असतात. नुसत्या चुन्याने ते खाली बसत नाहीत. म्हणून आधी क्लोरीनने सायनाइड मोडतात, मग चुना घालून धातूंचा साका बसवतात. मात्र क्लोरीन घालताना पाणी चांगले अल्कधर्मी लागते, नाहीतर विषारी वायू सुटतो. हे काम जाणत्याचेच. घरी कोणी करू नये.

क्रोमियमची तऱ्हा उलटी. त्याचे पिवळे, विरघळणारे रूपच अधिक घातक. तिथे प्राणवायू देऊन भागत नाही. हिराकस घालून ते रूप सौम्य करतात आणि मग चुना घालतात. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात हे घातक क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा आपला नियम आहे.

आता मुख्य गोष्ट. धातू जळत नाही, कुजत नाही, पाणी उकळूनही जात नाही. तो फक्त पाण्यातून गाळात जातो. तो गाळ उघड्यावर टाकला, तर पावसाने ओढ्यात, ओढ्यातून पैनगंगेत आणि तिथून पुन्हा आपल्याच गुरांच्या तोंडी! म्हणून पाणी कसे स्वच्छ केले, एवढे विचारून थांबू नका. गाळ कुठे नेला, तेही विचारा. १९७४ च्या जल कायद्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाला सांडपाण्याचे नमुने घेऊन तपासण्याचा अधिकार आहे. शंका आली, तर ग्रामस्थांनी मिळून लेखी अर्ज करावा.

डोळ्यांना स्वच्छ दिसते ते सारेच पाणी शुद्ध नसते, एवढे आपला हंडा रोज सांगतो आहे.