प्राथमिक शिक्षकाची गणिताची तयारी

वर्धा जिल्ह्यांतील कारंजा (घाडगे) हा संत्र्यांच्या बागांचा तालुका. तेथील एखाद्या प्राथमिक शाळेंत असें उदाहरण घातलें आहे, अशी कल्पना करावी: पावणेदोन एकरांच्या बागेचे अर्ध्या-अर्ध्या एकराचे तुकडे किती होतील? जुन्या पंतोजींच्या शाळेंत पावकी, निमकी, औटकी घोकलेला मुलगा 'औट' म्हणून मोकळा झाला असता. परंतु आजच्या वर्गांतील एखादी चौकस मुलगी विचारील, "गुरुजी, भागाकारानें संख्या लहान होते ना? मग पावणेदोनाचे साडेतीन कसे झाले?" एखादा मुलगा म्हणेल, "तीन तुकडे पुरे झाले आणि पाव एकर उरला. तेव्हां उत्तर सव्वातीन."

शिक्षकाची खरी परीक्षा येथें होते. भाजक उलटा करून गुणावें, एवढेंच ज्याला ठाऊक, तो नियम पुन्हां सांगून दोघांनाही गप्प बसवील. ज्याला नियमाचें मर्म कळलें आहे, तो मुलीला विचारील, "एका एकरांत अर्ध्या एकराचे तुकडे किती?" आणि मुलाला विचारील, "उरलेला भाग एकराचा पाव खरा. पण तुकड्याचा केवढा?" माप बदललें कीं संख्या बदलते, हें मग मुलें आपण होऊन सांगतील.

हाच पावणेदोन आणि अर्ध्याचा भागाकार लीपिंग मा या विदुषींनीं शिक्षकांपुढें ठेविला होता. त्यांचा ग्रंथ १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. चीनमधील ७२ शिक्षकांपैकीं सर्वांनीं उत्तर बरोबर काढिलें. अमेरिकेंतील २३ शिक्षकांपैकीं निम्म्यांनाही तें साधलें नाहीं. उणीव बुद्धीची नव्हे, तयारीची होती.

या तयारीचा विचार वर्धा जिल्ह्याला नवा नाहीं. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-परिषद भरली आणि हस्तव्यवसायांतून शिक्षण देणाऱ्या 'नई तालीम'चा पाया घातला गेला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें तिची योजना आंखली. चार फूट सूत म्हणजे तार, १६० तार म्हणजे लटी, ६४० तार म्हणजे गुंडी. एक लटी, पाव गुंडी, १६० तार: सूत तेंच, नांवें तीन. परंतु टकळी स्वतः गणित शिकवीत नाहीं. त्या सुतांतील अपूर्णांक ओळखणारा शिक्षक जवळ असावा लागतो.

आज महाराष्ट्रांत बारावीनंतर दोन वर्षांच्या पदविकेनें प्राथमिक शिक्षक होतां येतें. कित्येकांचा गणिताशीं संबंध दहावीनंतरच सुटलेला असतो. त्यांना उच्च गणित शिकविण्यापेक्षां प्राथमिक गणितच नव्यानें, 'असें कां?' हा प्रश्न विचारीत शिकविणें अगत्याचें आहे. मुलांचीं चुकलेलीं उत्तरें हेंच त्यांचें उत्तम पाठ्यपुस्तक होय. 'सव्वातीन' या उत्तरामागील विचार जो शोधूं शकेल, त्याच्या वर्गांत प्रश्न विचारण्यास कोणतेंही मूल भिणार नाहीं.