दिलेले यंत्र चालू राहिले पाहिजे



महाराष्ट्र आणि दक्षिण गुजरातमधून या परिषदेसाठी आलेले बालरोगतज्ज्ञ, परिचारिका, बायोमेडिकल इंजिनिअर आणि विश्वस्त संस्थांचे व उद्योगांचे प्रतिनिधी अशा आपणा सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने मी हजीऱ्यात स्वागत करतो.

मुलताईला उगम पावणारी तापी खानदेश ओलांडून इथे समुद्राला मिळते. तिच्याच खोऱ्यातून, भुसावळ-सुरत रेल्वेने, आमची माणसे पोटापाण्यासाठी इकडे आली. सुरतच्या उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांत आजही गल्लोगल्ली अहिराणी कानावर पडते. नवापूर-नंदुरबारकडच्या एखाद्या घरात मूल अत्यवस्थ झाले की त्याचे आईबापही याच वाटेने सुरतच्या सिव्हिलचा दरवाजा गाठतात. त्यामुळे मुलांच्या रुग्णालयांना देणगीतून मिळणाऱ्या यंत्रांचा आजचा विषय आम्हा हजीरेकरांच्या दारातलाच आहे.

या भूमीला दातृत्वाचीही परंपरा आहे. सुरतेचे जहाजबांधणी करणारे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला गेले. पुढे त्याच घराण्याने परळला बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय उभारले, ते १९२९ मध्ये. फक्त मुलांसाठी वेगळे रुग्णालय हवे, हा विचार त्या काळी करणे आणि त्यासाठी पैसा काढणे ही मोठीच गोष्ट होती. त्याच रुग्णालयापुढे जानेवारी २०२० मध्ये अनुदानाच्या प्रश्नावरून बंद पडण्याची वेळ आली होती. त्यातून शिकायचे ते हे, की रुग्णालय बांधायला एकदा पैसा लागतो आणि चालवायला रोज लागतो. आज मला याच रोजच्या पैशाबद्दल बोलायचे आहे.

हजीरा हे यंत्रांचे गाव आहे. इथे खताचा कारखाना आहे, पोलाद आहे, अवजड अभियांत्रिकी आहे, बंदर आहे. हजीरा-विजयपूर-जगदीशपूर ही वायुवाहिनी इथूनच निघते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत इथल्या पोलाद कारखान्याचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला आणि कारखान्यालगत २५० खाटांचे कोविड रुग्णालय उभे राहिले. उद्योगाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

पण प्रौढ माणसाला तारणारा तोच ऑक्सिजन दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला मोजून द्यावा लागतो. जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिन्यांची वाढ बिघडते आणि बाळाची दृष्टी जाऊ शकते. म्हणून हवा आणि ऑक्सिजन ठरावीक प्रमाणात मिसळणारा ब्लेंडर लागतो, रक्तातील ऑक्सिजन सतत दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर लागतो आणि चार आठवड्यांच्या आत डोळे तपासणारा नेत्रतज्ज्ञ लागतो. यांतले एक जरी नसेल तरी उरलेल्या दोघांचा उपयोग अर्धाच.

बबल सीपॅपचेच उदाहरण घ्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे प्रत्येक श्वासाबरोबर मिटू पाहतात. नाकावाटे हलका, सततचा दाब दिला की ती उघडी राहतात. श्वास बाहेर नेणारी नळी पाण्यात ५ सेंटीमीटर बुडवली की तेवढ्याच पाण्याचा दाब मिळतो. आम्हा इंजिनिअरांना यापेक्षा सोपे तत्त्व दुसरे सांगता येणार नाही. तरीही हे साधन अडते कुठे? बाळाच्या नाकाच्या मापाचे प्राँग संपलेले असतात, हवा ओलसर-उबदार ठेवणारा ह्युमिडिफायर बिघडलेला असतो, ऑक्सिमीटरचा प्रोब तुटलेला असतो आणि नवा मागवायला निधी नसतो. बाळाला जगवण्याचे काम इतक्या छोट्या सुट्या भागापाशी थांबते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

हे एखाद्या रुग्णालयापुरते नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने राज्याराज्यांतील सरकारी आरोग्य संस्थांमधल्या उपकरणांची मोजणी केली, तेव्हा त्यांतली १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद असल्याचे आढळले. त्यातूनच २०१५ मध्ये जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला. आपल्या कारखान्यातील एक तृतीयांश पंप बंद आहेत असे कळले, तर आपल्यापैकी कोणी रात्री शांत झोपेल का? तिथे आपण आधी शटडाऊनचे वेळापत्रक आखतो, स्पेअर साठवतो, कॅलिब्रेशनची तारीख चुकवत नाही आणि मगच उत्पादनाचे बोलतो. अतिदक्षता विभागातल्या बाळाला हीच शिस्त मिळाली पाहिजे.

सुरक्षेचेही तेच. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे लागलेल्या आगीत १० बाळे दगावली. ज्या खोलीत वॉर्मर, व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजन एकत्र असतात, तिथे वायरिंग, अर्थिंग आणि विजेचा भार यांची नियमित तपासणी झालीच पाहिजे. हे काम जाणणारे शेकडो लोक या हजीऱ्यात आहेत. त्यांचे चार दिवस हीसुद्धा मोठी देणगी आहे.

पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न येईल. कंपनी कायद्याचे कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू आहे आणि पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची आहे. हे आपल्याला पाठ आहे. २०२१ च्या नियमांनी ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत नेण्याची सोय ठेवली आहे, तिकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. मार्चअखेर घाईने व्हेंटिलेटर विकत घेऊन फीत कापायची आणि एप्रिलमध्ये विसरून जायचे, अशी सक्ती कायद्याने कोणावर केलेली नाही. यंत्र, त्याचा देखभाल करार, लागणारे सुटे भाग आणि ते हाताळणाऱ्या परिचारिकांचे प्रशिक्षण हे सारे मिळून एक प्रकल्प करता येतो.

माणसांचे महत्त्व तर महाराष्ट्रानेच जगाला दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. श्वास मोजायचे साधे साधन, ऊब देणारी पिशवी, श्वास अडलेल्या बाळासाठी हवा देण्याचे उपकरण आणि औषध एवढीच सामग्री त्यांच्या हाती होती. त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. तिथे साधन कमी किमतीचे होते, पण वापरणारा हात तयार केलेला होता आणि त्याच्यावर रोजची देखरेख होती. लाखोंच्या यंत्रालाही असाच हात लागतो.

म्हणून यजमान या नात्याने मी परिषदेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, यापुढे देणगीच्या प्रत्येक प्रस्तावात यंत्राच्या किमतीबरोबरच पुढील तीन वर्षांची देखभाल आणि सुट्या भागांचा खर्च लिहिलेला असावा. दुसरी, रुग्णालयांनी दात्याला दरमहा एक साधा हिशेब द्यावा: यंत्र किती दिवस चालले, किती दिवस बंद होते, का बंद होते. चालवता येणार नाही असे यंत्र नम्रपणे नाकारण्याचा अधिकारही त्यांना असावा. तिसरी, हजीऱ्यातील उद्योगांनी आपले विद्युत आणि उपकरण विभागातील अनुभवी लोक तापीच्या खोऱ्यातील सरकारी नवजात शिशू विभागांच्या तपासणीसाठी द्यावेत.

डॉक्टर मंडळींना माझी विनंती आहे, की आम्हाला स्पष्ट सांगा. कोणते यंत्र हवे, कोणते नको आणि कोणत्या वस्तूअभावी काम अडते, ते संकोच न करता मांडा. दात्यांना विनंती आहे, की यंत्रावर आपल्या नावाची पाटी लावाल, तेव्हा तिच्या शेजारी पुढच्या सर्व्हिसिंगची तारीखही लावा. पाहुणचारात काही उणे राहिले तर सांभाळून घ्या, पण चर्चेत कोणाची भीड बाळगू नका.

 या तीन सूचनांवर निर्णय घेऊनच आपण हजीऱ्यातून निघावे, एवढीच स्वागत समितीची इच्छा आहे.